मंडळ नेमकं कोणाच्या घरी सुरू झालं

पिनर, लंडन,
डिसेंबर २००५

ती. शशीताईस पुरुषोत्तमचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. आधी तुझी तब्येत कशी आहे ते कळव. नवा गुडघा थंडीत कुरकुरत नाही ना? तुमच्याकडे आता हाडं गोठवणारी थंडी असेल. आमच्याकडे तसं धड काहीच नसतं. बर्फ नाही, ऊन नाही. चहाच्या वेळेआधीच अंधार पडतो आणि दिवसभर नुसती भुरभुर. (या पावसात छत्री उघडली तर आपण मूर्ख दिसतो, आणि नाही उघडली तर भिजतो.) अर्चना बरी आहे. माझं ब्लडप्रेशर गोळ्यांनी ताब्यात आहे. मन मात्र नाही, आणि त्याला थोडीशी तूही जबाबदार आहेस.

गेल्या वर्षी तू तुमच्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक पाठवलंस. कॅनडात, सस्कॅचेवानच्या त्या सपाट माळावर, गव्हाच्या शेतांच्या मधोमध तुमचं एवढंसं गाव, आणि पुस्तक मात्र पाटावरवंट्याच्या वजनाचं! पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान, बायकांचं शिवणमंडळ, गावचा बँड, शिवाय तो फर्निचरवाला जो प्रेतपेट्याही विकायचा (लाकूड तेच, गिऱ्हाईकही शेवटी तेच). कोणी काय सुरू केलं आणि ते कधी बंद पडलं, सगळं फोटोंसकट. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. न्हाव्याने दुकानाला कुलूप लावलं तिथे मला रडू आलं. अर्चनाने विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "न्हावी." "कुठला?" "सस्कॅचेवानचा." तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. त्या माळावरच्या लोकांनी आपल्या न्हाव्याचाही इतिहास लिहून ठेवला, आणि आमच्या स्नेहवर्धक मंडळाला पस्तीस वर्षं होत आली तरी त्याच्यावर पानभर मजकूर नाही. हे मी मंडळाच्या कमिटीत बोललो. बोलायला नको होतं. आमचा अध्यक्ष सुयश (पुण्याहून सॉफ्टवेअरच्या व्हिसावर आलेला, हुशार मुलगा, मीटिंगमध्येही लॅपटॉप मिटत नाही) म्हणाला, "काका, सुपर आयडिया. तुम्हीच लिहा." ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे एकमत म्हणजे, ज्याच्या गळ्यात काम पडलं तो सोडून बाकी सगळ्यांचं मत.

मंडळाचे संस्थापक दोन. एक स्टॅनमोरचा ज्ञानेश्वर आठल्ये, दुसरा मिलिंद नाडगौडा, जो बायको गेल्यावर मुलीजवळ राहायला क्रॉयडनला गेला. मी स्वतः दोन वर्षं उशिरा आलो, त्यामुळे आरंभाचं मला काही ठाऊक नव्हतं. दोघं एकाच विमानाने या देशात आलेले, एकमेकांचे ओव्हरकोट घालून इंटरव्ह्यूला गेलेले. अशा माणसांना एक साधा प्रश्न विचारायचा: पहिली सभा कुठे झाली? यात भिण्यासारखं काय आहे, सांग.

ज्ञानू म्हणाला, माझ्या घरी. बाहेर बर्फ, आत दहाबारा माणसं दाटीवाटीने बसलेली, माघी गणपतीची आरती निम्म्यावर आली आणि विजेच्या मीटरमधला शिलिंग संपला. (तेव्हा भाड्याच्या खोल्यांत मीटरमध्ये नाणं टाकलं तर उजेड, नाहीतर परमेश्वर.) अंधारातच आरती पुरी केली आणि तिथेच मंडळ स्थापन झालं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या आठवड्यात दोन गाड्या आणि एक ट्रॅम बदलून मी क्रॉयडनला गेलो. मिलिंद म्हणाला, माझ्या घरी. बाहेर बर्फ, आरती निम्म्यावर, शिलिंग संपला. माणसंही तीच. फक्त मिलिंदच्या गोष्टीत ज्ञानू उशिरा आला होता, आणि ज्ञानूच्या गोष्टीत मिलिंद.

मिलिंदकडे फोटो होता. माणसांमागे भली मोठी नारिंगी फुलं छापलेला वॉलपेपर. "ही माझी भिंत," तो म्हणाला. ज्ञानूला दाखवला तर तो म्हणाला, "ही माझी भिंत." त्या काळी आमच्या अख्ख्या हॅरो भागात तोच एक वॉलपेपर होता, असं अर्चनाचं मत पडलं. मी लिहिणार होतो, की याबाबत दोन मतं आहेत. पण सुयश म्हणाला, "काका, पहिल्याच पानावर कन्फ्यूजन नको." तेव्हा ज्याच्याकडे फोटो त्याचं घर, असा निवाडा मी केला. पहिल्या पानावर नारिंगी फुलं आणि खाली 'श्री. मिलिंद नाडगौडा यांच्या निवासस्थानी'. इतिहास बहुधा असाच लिहितात.

दिवाळीच्या कार्यक्रमात, चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. ज्ञानूने खिशातून चष्मा काढला, पहिलं पान वाचलं, चष्मा परत खिशात ठेवला, पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि कोट घातला. मी धावत दारापर्यंत गेलो. "अरे, जेवून तर जा. श्रीखंड आहे." तो म्हणाला, "भूक नाही." मंडळाच्या आजवरच्या इतिहासात जेवणाआधी कोणी उठून गेलेलं नाही. मधुमतीवहिनी त्याच्यामागून निघाल्या, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे भाऊजी, येईल ताळ्यावर."

तो आला नाही. माझे फोन उचलेना, मिलिंदचेही उचलेना. मिलिंदही कमी हट्टी नाही. "त्याने मान्य करावं, मी लगेच येतो," असं मला रोज ऐकवायचा. म्हणजे स्टॅनमोर आणि क्रॉयडनच्या मधला टपाल्या मी, आणि दोन्हीकडची दारं बंद. मी वहिनींना विचारलं, की पहिलं पान बदलून छापलं तर? त्या म्हणाल्या, यांना पान नको आहे, मिलिंदभाऊजी हवे आहेत. हे मी मिलिंदला तसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी जातो."

ज्ञानू शुक्रवारी गेला, ताई. सकाळी पायरीवरचं दूध आत आणायला वाकला आणि तिथेच बसला. अँब्युलन्स लवकर आली, पण उपयोग झाला नाही.

क्रेमेटोरियममध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळ असते. आधीचे लोक एका दाराने बाहेर पडतात, आपण दुसऱ्याने आत. सगळं इतकं वक्तशीर, की रडायचंही उरकून घ्यावं लागतं. त्यात मिलिंद उठला. बोलणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. पेटीकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ज्ञान्या, मंडळ तुझ्याच घरी सुरू झालं. भिंत तुझीच. मी उगाच ताणत होतो." सगळा हॉल रडला. मागच्या रांगेतले दोन इंग्रज शेजारीही रडले, आणि त्यांना तर एक अक्षरही कळलं नव्हतं.

नंतर आम्ही काहीजण स्टॅनमोरच्या घरी गेलो. अर्चनाने चहा टाकला. मिलिंद वहिनींसमोर मान खाली घालून बसला होता. वहिनींनी त्याच्या हातात कप दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. मंडळ आमच्या घरी सुरू झालं नाही. तुमच्याही नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्या हिवाळ्यात कोणाच्याच खोलीत कपडे धुवायची सोय नव्हती. रविवारी सकाळी त्या, मिलिंदची बायको आणि आणखी चारपाच जणी स्टेशनजवळच्या, नाणं टाकून कपडे धुवायच्या लाँड्रेटमध्ये जायच्या, कारण तिथे ऊब असायची आणि मराठी बोलता यायचं. मशीन फिरत असताना हळदीकुंकवाचं ठरलं, मग गणपतीचं ठरलं, मग एकीने मंडळाला नाव दिलं. पुरुष यायचे ते ओल्या कपड्यांच्या पिशव्या उचलायला.

"आणि शिलिंग संपला तो?" मिलिंदने विचारलं.

"ड्रायरमधला. नऊवारी निम्मी ओली राहिली. अंधार वगैरे काही झाला नव्हता."

"आणि फोटो?"

"कोणाच्या तरी बारशाचा."

मी विचारलं, वहिनी, मी घरी इतके वेळा आलो, तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विचारत होतात. आणि ते सांगताना किती खुश असायचे, तुम्ही पाहिलं नाहीत का? आरतीचं तर दरवर्षी वाढत गेलं. मी कशाला मोडू?" मिलिंद आधी हसला. मग त्याला इतकं रडू फुटलं की कप माझ्याकडे द्यावा लागला.

परवा मी एकटाच जाऊन ती जागा बघून आलो. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी दारात जरा जास्त वेळ उभा राहिलो असेन. आतल्या मुलीने विचारलं, कॉन्ट्रॅक्ट हवं की पे-अ‍ॅज-यू-गो? मी म्हटलं, मला काहीच नको, इथे आमचं मंडळ सुरू झालं. ती म्हणाली, "ऑ, दॅट्स नाइस."

मंडळाचं म्हणशील तर हॉलचं भाडं वाढलंय, पोरं बॉलिवुड नाइट मागतायत, आणि जुन्यांपैकी कोणाला गाडी चालवून येववत नाही. सुयशचाही व्हिसा संपत आलाय. फार काळ चालेल असं वाटत नाही. तुमच्या माळावरच्यांनी न्हावी जिवंत असतानाच त्याला विचारून घेतलं असणार. शहाणे लोक.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
पुरुषोत्तम

ता. क. मंडळाच्या इतिहासाच्या प्रती भरपूर उरल्या आहेत. त्यातला एक खोका मी तुझ्या पत्त्यावर बोटीने पाठवला आहे. तिकडे मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच पाठवला.

ता. क. २. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. मधुमतीवहिनींना फोन करशील का? सांत्वन अजिबात करू नकोस; ते करायला अर्धं लंडन रांगेत आहे. तू कॅनडाला जाण्याआधी आमच्याकडे राहिलीस तेव्हा आमटीत गूळ घालावा की नाही यावरून तुम्हा दोघींची रोज जुंपायची. तशी जुंपू दे. ज्ञानू सकाळी उठल्यापासून त्यांच्याशी वाद घालायचा आणि त्याही सोडायच्या नाहीत. आता म्हणतात, घरात उलट बोलायला कोणी उरलं नाही. मी जाऊन प्रयत्न केला. मुद्दाम म्हटलं, तुमचा चहा पूर्वीसारखा होत नाही. तर म्हणाल्या, "बरोबर आहे भाऊजी."