कानाचं मशीन आणि माझे हक्क

२४ डिसेंबर
ग्राहक दिन. शाळेत भाषण माझंच. मुलं शांत होती. काही झोपली होती, पण शांत.
संध्याकाळी वडिलांसाठी, आण्णांसाठी, कानाचं मशीन ऑनलाइन मागवलं. परवा हायवे ओलांडताना त्यांना ट्रकचा हॉर्न ऐकूच आला नाही. ढाबेवाल्यानं मागं ओढलं म्हणून वाचले. शिवकन्या म्हणत होती, सोलापूरला डॉक्टरांना दाखवा. बायकोचा ऑनलाइनचा अभ्यास कमी पडतो.

३० डिसेंबर
पार्सल आलं. नियमाप्रमाणे फोडतानाचा व्हिडिओ काढला. आत मशीन नाही. मोबाइलवर गाणी ऐकायचा इअरफोन. तोही एकाच कानाचा. आण्णांनी तरी घालून पाहिला. म्हणाले, कानात बोळा घातल्यावानी वाटतंय.
राग यायला हवा होता. आला नाही. उद्या तक्रार.

३१ डिसेंबर
वर्षाच्या शेवटी कुणी तक्रार करतं का? नव्या वर्षात.

४ जानेवारी
तक्रार केली. कंपनीनं व्हिडिओ मागितला. उघडून पाहिला तर पुढचा कॅमेरा चालू राहिलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच चेहरा. खोका दिसत नाही, फाडल्याचा आवाज येतो. मात्र चेहऱ्यावर फसलेल्या ग्राहकाचे भाव स्पष्ट आहेत. पाठवला.

६ जानेवारी
ग्राहक हेल्पलाइनला फोन. बाई म्हणाल्या, जाहिरातीत एक आणि खोक्यात दुसरंच असेल तर माल परत घ्यावाच लागतो. हे मला माहीतच होतं, भाषणात सांगितलंय. कंपनी नरमली. उद्या माणूस येणार, पैसे परत.

७ जानेवारी
माणूस आला. माल दिला नाही. माल म्हणजे पुरावा. आधी लेखी माफी. तो म्हणाला, सर, मला अजून अणदूरला जायचंय, द्या की. त्याला त्याचेही हक्क समजावून सांगितले. गेला.
शिवकन्या उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१५ जानेवारी
अ‍ॅपवर आलंय: ग्राहकाने परतावा रद्द केला. घाबरलेत. आता थेट ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत असते, घाई नाही. मसुद्याचं पहिलं वाक्य जमत नाहीये.
आण्णा हल्ली घराबाहेर पडतच नाहीत. हायवेचा धोका टळला.

२७ जानेवारी
पहिलं वाक्य अजून जमलेलं नाही. मनाला काहीच वाटत नाही. यालाच संयम म्हणतात.

२ फेब्रुवारी
शिवकन्या आण्णांना एसटीनं सोलापूरला घेऊन गेली. मला विचारलं नाही. परतले तेव्हा आण्णांच्या कानामागं खरंखुरं मशीन. कुकरची शिट्टी ऐकून ते खुदकन हसले. शिवकन्याला म्हणाले, पोरी, तुझा आवाज लई गोड हाय की गं.
मी जवळ बसलो. आज त्यांना नीट ऐकू येत होतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. कायदा, व्हिडिओ, लेखी माफी, आयोग. आयोगापाशी आलो तेव्हा आण्णांनी मशीन काढून डबीत ठेवलं. डबीचं झाकण लावलं. म्हणाले, हां, बोल आता.
बॅटरी जपत असावेत. मी बोलत राहिलो.