उलटी फिरलेली प्लेट

४ मार्च
प्रयोगशाळेत घोळ! पेशी वाढवायच्या प्लेटमध्ये एका ओळीत आजारी माणसाच्या आधारपेशी, दुसऱ्या ओळीत निरोगी माणसाच्या. त्यांच्यावर ज्याच्या त्याच्या चेतापेशी सोडायच्या. मी प्लेट उबेच्या कपाटातून, इन्क्युबेटरमधून, काढली ती पुढची बाजू मागे अशी उलटी फिरवून! आजारी चेतापेशी पडल्या निरोगी आधारपेशींवर, आणि निरोगी चेतापेशी आजाऱ्याच्या आधारपेशींवर. सगळी मेहनत पाण्यात. वाटलं, आता माझी खैर नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एवढंच म्हणाल्या, "टाकू नकोस. बघू तरी."

६ मार्च
दादाकडे जेवायला. त्याच्या हातून पेला पडला. वहिनीने फडकं आणून पुसलं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. तोच आजार, घराण्यात चालत आलेला; आमच्या प्लेटमधल्या आजारी पेशींचाही हाच. माझ्यात आहे का, मी तपासलेलं नाही — हिंमत नाही, दुसरं काय!

विषय बदलायला वहिनीला सांगितलं, लहानपणी हा माझ्या वाटणीचं दूध गुपचूप पिऊन टाकायचा. दादा म्हणे, तुला आवडायचं नाही, मी उपकार करत होतो. थापाड्या!

११ मार्च
हात थरथरतोय. (आनंदाने! लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाचून उगाच घाबरेन.) आजारी चेतापेशी टवटवीत! लांबच लांब फांद्या फुटल्यात. आणि निरोगी? पार कोमेजल्या. इतके दिवस आम्ही सगळं खापर चेतापेशींवर फोडत होतो. त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केर काढणाऱ्या शेजारणींकडे, या आधारपेशींकडे, आमच्यापैकी कुणी धड पाहिलंच नाही! मॅडमनी पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, मग मला चक्क मिठी मारली.

१२ मार्च
आता मुद्दाम उलटी फिरवायची.

२ एप्रिल
पुन्हा तेच! नाचले. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, लग्न ठरलं वाटतं. त्याहून भारी, म्हटलं.

संध्याकाळी मॅडमनी दार लावून घेतलं. गेल्या वर्षी दादाने आणि मी कातडीचा तुकडा दिला होता, इतरांसारखाच. अशा तुकड्यांतूनच प्लेटमधल्या चेतापेशी आणि आधारपेशी तयार केल्यात. कुठल्या कुणाच्या, ते फक्त त्यांनाच ठाऊक. म्हणाल्या, "तू विचारलंस तरच सांगेन. घाई नाही."

दादाला विचारलं, मॅडमना विचारू का? म्हणाला, माझं काय लपलंय? तुझं तू ठरव.

३ एप्रिल
विचारलं.

आजारी चेतापेशी दादाच्या. त्यांच्याखालच्या निरोगी आधारपेशी माझ्या. माझ्यात आजार नाही!

दादाला फोन केला. रडू आवरेना. तो म्हणाला, "म्हणजे अजून तुझ्याच वाटणीचं पितोय मी."