बोडी आणि पाच निवडणुका

गुरुजी, काल भंडाऱ्याहून एक बाई घरी आल्या होत्या. जिल्ह्यातल्या माजी आमदारांची माहिती जमवून त्या एक पुस्तिका काढणार आहेत. त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. शिक्षण, व्यवसाय, किती वेळा उभे राहिलात, किती वेळा निवडून आलात, किती वेळा पडलात, असे सगळे रकाने. बाई भल्या. मला म्हणाल्या, "साहेब, पराभवाचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल. बरेच जण ठेवतात." मी म्हणालो, "बाई, आधी तोच भरू द्या, त्यातच सगळा मजकूर आहे." त्या हसल्या, चहा प्यायल्या आणि कागद माझ्याकडे ठेवून गेल्या. मी मात्र दिवसभर त्या रकान्यात हरवून बसलो. पडलो, पडलो, आलो, पडलो, आलो. पडलो तो लघु, आलो तो गुरू धरून बोटांवर मोजलं, तर लघु, लघु, गुरू, लघु, गुरू! पहिली तीन अक्षरं स गणाची, पुढे लघु-गुरू. पंचवीस वर्षं राजकारण केलं आणि हाती लागली ती वृत्ताची अर्धी ओळ. हे तुम्हाला सांगावं असं वाटलं, म्हणून ही वही पुढे ओढली.

तुमच्या वर्गात मी कवितेचा लाडका होतो, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. पण तपासणीसाहेब आले की उभं मलाच करायचात. मी डोळे मिटून म्हणत असे, खिडकीबाहेर धानाच्या रोवणीच्या बायांचं गाणं चाललेलं असे, आणि दोन्ही गाणी माझ्या डोक्यात एक होऊन जात. कविता संपली की प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, हा तुमचा नियम. तिथे माझा घसा बसायचा. एकदा साहेबांसमोरच तुम्ही म्हणालात, "कविता शेवटच्या बाकापर्यंत गेली. तुझं नाव मात्र तुझ्या सदऱ्यातच राहिलं." सगळा वर्ग हसला. मला राग आला नाही, कारण ते खरं होतं. दुसऱ्याचं काहीही मी खणखणीत म्हणू शकत होतो. स्वतःचं म्हणून काही सांगायचं, स्वतःसाठी काही मागायचं, की माझी जीभ टाळूला चिकटायची.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला, हीच मुळात गंमत. एका सत्काराला मी चार ओळी म्हटल्या, टाळ्या पडल्या आणि चहाच्या टपरीवर ठरलं की या खेपेला कवीले उभा करा. तुम्ही ऐकलंत तेव्हा एवढंच म्हणालात, "उभा राहा. पण माग. मत झाडावरून पडत नाही." मला वाटलं होतं चिन्ह दौत-लेखणीसारखं काहीतरी मिळेल. मिळाली कढई. मग काय विचारता! ज्या गावात जावं तिथे पारावरून आवाज यायचा, "का गा कवी, भजे केव्हा काढतेस?" मी हसायचो, धानाच्या लोंबीवर, वैनगंगेच्या काठावर दोन-चार ओळी म्हणायचो, हात जोडायचो आणि सायकलवर बसून पुढे निघायचो. शेवटी एका म्हाताऱ्याने माझ्या सायकलचं हँडल धरलं. "बोलतेस तं मस्त गा. अर्धा घंटा आयकून राहिलो. पण तुले का पायजे, ते तं सांगूनच नाही राहिलास!" मला काय पाहिजे ते त्याला सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "काही नाही, भेटायला आलो होतो." म्हातारा उरलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "घ्या! याले काहीच नाही पायजे. मंग दुसऱ्याले देऊन टाकू."

दिलंच त्यांनी दुसऱ्याला. अनामत जप्त झाली. मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही निरोप धाडलात. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलो आहे, गुरुमाय लाखोरीच्या डाळीचं वरण भातावर वाढताहेत, आणि तुम्ही मतमोजणीचा तो कागद चष्म्याजवळ धरून गावागावांचे आकडे वाचताय, जणू माझी प्रगतिपुस्तिका. मी म्हणतो, "गुरुजी, जाऊ द्या आता." तुम्ही म्हणता, "कोणत्या गावाने किती दिली ते पाठ कर. आणि उद्यापासून आभार मानायला जा." मी म्हणालो, "आभार तर निवडून आलेला मानतो." तेव्हा तुमचा आवाज चढला. "निवडून आलेल्याले कोणीबी मत देते रे! पडणाऱ्याले ज्यानं देल्लं, त्याचे उपकार मोठे. जा!" तुम्ही रागावलात की पुस्तकी मराठी सोडून आपल्या बोलीत यायचात. गुरुमाय म्हणाल्या, "जेवू तं द्या पोराले, मंग हाकला."

तो आभाराचा दौरा मी जन्मभर विसरणार नाही. विजयी उमेदवाराची मिरवणूक एका रस्त्याने, आणि पडलेला मी सायकलवर दुसऱ्या रस्त्याने. एकोडीच्या पलीकडे एक लहान गाव आहे, तिथे मला तीन मतं पडली होती. मी पारावर उभा राहून म्हणालो, "ज्या तिघांनी मला मत दिलं त्यांचे आभार." मग एक जण म्हणाला, "मीच देल्लो." दुसरा म्हणाला, "हट्, मी देल्लो, माह्या बायकोनंबी देल्लं." पाहता पाहता अकरा जण उभे राहिले आणि त्यांच्यात भांडण लागलं. "तीनच मतं हायेत ना बा, मंग तुहं कुठचं निघालं?" शेवटी कोपऱ्यातली एक म्हातारी उठली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "मी नाही देल्लं. खोटं कायले बोलू? पण पडूनबी आलास, तं एक चीज पाहून जा."

ती मला शेतावर घेऊन गेली. बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या वाफ्यांच्या, वरच्या अंगाला तिची बोडी होती. चार घरांच्या धानापुरतं पाणी धरणारं ते लहानसं तळं, आणि त्याची पाळ मधोमध फुटलेली. ती म्हणाली, "धान निसवते, लोंबी भायेर येते, तेव्हा एक पाणी पायजे. एकच. थे इथून भेटत होतं." कचेरीत तिने तीन खेटे घातले होते. तिथे सांगितलं गेलं, दुरुस्तीच्या यादीत तलाव आहे, बंधारा आहे, बोडी असं काही नाही. "माही बोडी कागदात नाही म्हणते, बाबू. जन्मभर तिचं पाणी पेलो, आता म्हणते तिले नावच नाही." पुढच्या गावांतही मी विचारत गेलो, आणि गावोगाव तेच. परत येऊन तुम्हाला म्हणालो, "गुरुजी, मला काय पाहिजे ते सापडलं. यादीत एक शब्द पाहिजे."

दुसऱ्या निवडणुकीत मी मागितलं. अडखळत, मान खाली घालून, पण मागितलं. तरी पडलो. थोडक्यात पडलो. तुम्ही मतमोजणीच्या दिवशी भंडाऱ्याला येऊन बाहेर कडुलिंबाखाली छत्री टेकून बसला होतात, आठवतं? मी चेहरा पाडून आलो. तुम्ही धोतर झटकत उठलात आणि म्हणालात, "चल, एसटी चुकेल. उद्या आभाराला निघायचं आहे." सबंध वाटेत तुम्ही मला वृत्तातली यती कुठे येते ते समजावत होता. थांबायचं कुठे हे कळलं की पुढची ओळ दमात म्हणता येते, असं काहीतरी. मला वाटलं, गुरुजी म्हातारे झाले, विषय सोडून बोलतात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

म्हणून यापुढचं सगळं तुम्हाला ठाऊक नाही, आणि सगळं छान तेच यापुढचं आहे! तिसऱ्या वेळी एका पक्षाने तिकीट दिलं. त्याचं नाव लिहीत नाही. पक्षाचं नाव ऐकलं की तुम्हाला ठसका लागायचा. गुरुजी, मी आलो! ज्या गावांनी दोनदा पाडलं त्यांनीच खांद्यावर घेतलं. तुमसरच्या गिरण्यांतली हमाल मंडळी ढोल घेऊन आली, त्यांचा माझ्या मतदारसंघाशी काही संबंध नव्हता, तरी आली. गुलालाने माझ्या पांढऱ्या सदऱ्याची पळसफुलं झाली होती. मिरवणूक मी आधी तुमच्या घराकडे वळवली. गुरुमायने ओवाळलं आणि हळूच विचारलं, "आता तं मोठ्यानं बोलशील ना रे?"

बोललो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात माझा पहिला प्रश्न लागला. मी हाताने स्वच्छ लिहून दिलं होतं, 'फुटलेल्या बोडीबाबत'. टंकलेखन करणारा कुठला तरी दूरचा भला माणूस असावा. त्याने मनाशी म्हटलं असेल, गावाकडचा आमदार, शुद्धलेखन कच्चं. त्याने ते सुधारून छापलं, 'फुटलेल्या बॉडीबाबत'! प्रश्न गेला पोलिसांच्या खात्याकडे. उत्तर छापून आलं की सदर परिसरात अशी कोणतीही बॉडी आढळून आलेली नाही. मंत्रिमहोदय उठले आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी कोणाची बॉडी, कोणत्या अवस्थेत सापडली, ते सांगावं." सभागृह हसून लोटपोट. माझ्याच बाकावरचा शेजारी कानात म्हणाला, "बसून घ्या हो, पुढच्या अधिवेशनात बघू."

जीभ पुन्हा टाळूला लागत होती. पण मी उभाच राहिलो. हसू ओसरेपर्यंत थांबलो, आणि थांबता थांबता लक्षात आलं की एसटीत तुम्ही विषय सोडून बोलत नव्हता. मग शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज लावला. म्हणालो, "अध्यक्ष महाराज, ती माझी बॉडी आहे. माझ्या तालुक्याची आहे. आम्ही तिला बोडी म्हणतो. ती चार घरांचं धान पिकवते आणि तिची पाळ फुटली तर चार घरं कोरडी पडतात. तिचा पंचनामा झाला नाही, कारण ती कागदावर कधी जन्मालाच आली नाही. मला पैसा नंतर द्या, योजना नंतर द्या. आज मला तुमच्या यादीत एक शब्द पाहिजे. मी तो मागतो आहे." एवढं बोलून, तुमच्या नियमाप्रमाणे, मी माझं नाव आणि गावाचं नाव खणखणीत सांगितलं. सभागृहात असं कोणी सांगत नाही! कोणीतरी हसलं, पण लगेच समोरच्या बाजूने बाकं वाजली, मग आमच्या बाजूने. मंत्री भला माणूस. खातं त्यांचं नव्हतं, तरी म्हणाले, "शब्द दिला." त्यांनी तो पाळला. पुढच्या पावसाळ्याआधी आदेश निघाला: लहान तलाव, बंधारे आणि बोडी. मी तो शब्द बोटाने चाचपून पाहिला, ओली शाई असावी तसा. एकोडीच्या बाजूच्या त्या म्हातारीची पाळ पहिल्याच वर्षी बांधली गेली. पाणी भरलं तेव्हा ती म्हणाली, "आता पुढच्या खेपेला तुलेच देते मत. खोटं नाही बोलत."

चौथ्या वेळी तिने दिलंही असेल, पण मी पडलो. खरं सांगतो, मागायला विसरलो होतो. वाटलं, आता काय मागायचं, देतीलच. गाडीची काच वर करून गावांतून जायचो. हरल्यावर जुनी सायकल काढली, हवा भरली आणि गेलो आभाराला. लोक हसले, "आला बापा पुन्हा जमिनीवर!" पाचव्या वेळी पायी फिरलो, दारोदार मागितलं आणि असा निवडून आलो की मोजणी अर्धी व्हायच्या आत लोक फटाके वाजवू लागले. त्यानंतर मीच थांबलो. यती कुठे घ्यायची ते तुमच्यामुळे कळलं होतं. आता ओसरीवर बसतो, कविता म्हणतो. परवा शेतावरून जाताना एकाने ओरडून सांगितलं, "सायेब, धान निसवला, पाणी भरपूर हाय!" माझं करिअर विचाराल तर हे एवढं, आणि गुरुजी, मला ते फार फार मोठं वाटतं. आज त्या बाईंच्या कागदावर मी सगळे रकाने भरले, पराभवाचा सगळ्यांत आधी.

पत्र कुठे टाकणार, म्हणून ते वहीतच राहील. पण लिहितोच आहे तर एक सांगून टाकतो. पहिल्या निवडणुकीच्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतं, "शिक्का कुठे मारलास?" आणि मी म्हणालो होतो, "कढईवर, गुरुजी." मी मारला नव्हता. मतपत्रिकेवर माझंच नाव छापलेलं पाहिलं आणि लाज वाटली. तिची तशीच कोरी घडी घातली आणि पेटीत टाकली.