तांबडीची पाच कडवी

३ फेब्रुवारी, सकाळ

काल चिरंजीव टेप घेऊन आले. गॅरेजची लांबी-रुंदी घेतली, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि जाहीर केलं की इथे आईसाठी खोली करायची, तिला जिना होत नाही. बापाच्या गॅरेजात उभं राहून, बापाच्या तांबडीवरून टेप ओढून!

तांबडी म्हणजे माझी स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, वय एकेचाळीस. माझ्याकडे आली त्याला एकोणीस वर्षं झाली. सध्या बंद आहे. हे 'सध्या' थोडं लांबलंय, कबूल.

मी शांतपणे करार मांडला. ३१ मार्चला वाहन तपासणी. तांबडी पास झाली तर गॅरेज तिचं. नापास झाली तर गाडी जाईल, खोली होईल. चिरंजीवांनी लगेच तारीख फोनमध्ये घातली आणि गालात हसले. ज्याला पंक्चर झालेलं चाक बदलता येत नाही त्याने असं हसू नये.

ही गुडघे चोळत बसली होती. गुडघे सगळ्यांनाच असतात.

संकल्प: रोज सहाला उठणे. इंजिन स्वतः खोलणे. नुसती दुरुस्ती नव्हे, अपग्रेडही.

४ फेब्रुवारी

साडेआठला उठलो. गारठा होता.

५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं, केवळ दुसरं मत म्हणून. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. दोन मिनिटं डोळे मिटून उभा. मग म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय काका, इंजिनच्या झाकणाखालचं सील, आठ दिवस द्या, चालू करून देतो.

मी विचारलं, पद्धत काय? म्हणाला, पद्धत कसली, फोटो काढायचे, बोल्टांच्या पिशव्यांवर नंबर टाकायचे. नंबर! ज्या पिढीला चार ओळी पाठ नाहीत तिच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार? मी बत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले आहेत. म्हटलं, मी बघेन माझं. तो म्हणाला, बघा की, अडलं तर मी आहेच इथे, जाणार कुठे.

उद्धट.

७ फेब्रुवारी

पद्धत सापडली. चहा घेताना सुचली. अशा गोष्टी चहा घेतानाच सुचतात, फोन घेऊन नव्हे.

चौथीत आम्हाला वाऱ्याची कविता होती. पाच कडवी. अजून तोंडपाठ आहे, गुरुजींच्या आवाजासकट. दुपारची शाळा, खिडकीतून येणारं ऊन, खडूची धूळ, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात. इंजिनचा एकेक भाग जसजसा निघेल तसतसे त्याचे बोल्ट एका पिशवीत घालायचे आणि पिशवीवर कवितेतला पुढचा शब्द लिहायचा. पहिली पिशवी 'आला', दुसरी 'वारा', तिसरी 'हलला', चौथी 'पडदा'. ज्याला कविता येते त्याला इंजिन येतं. नंबर पुसले की पुसले. कविता पुसता येत नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, अहो, साधं एक-दोन-तीन लिहिलंत तर काही बिघडेल का? गद्य बाई.

८ फेब्रुवारी, साडेअकरा

चौदा शब्द झाले. पाठ धरली. पडलो.

१२ फेब्रुवारी

अपग्रेड आले. रुंद टायर, गाडी जमिनीलगत आणणाऱ्या स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि दोन रेसिंग सीटा. सीट बादलीसारखी खोल आहे. बसवून लगेच बसून पाहिलं. रस्ता आता वेगळाच दिसेल. चाळीस मिनिटं बसलो.

शेवटी हिला हाक मारावी लागली. तिने एक हात ओढला, शेजारच्या ऑडिटरने दुसरा. मी सांगितलं की सीटची पकड तपासत होतो. ऑडिटर म्हणाला, पकड उत्तम आहे.

हा माणूस विजेची गाडी चालवतो. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. मिक्सरला चाकं लावली आहेत आणि वर तोऱ्यात असतो.

१५ फेब्रुवारी

ही हल्ली खाली सोफ्यावरच झोपते. टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणे. या वयात टीव्हीचं एवढं वेड बरं नव्हे. तसं सांगितलं. तिने गुडघ्याखाली उशी घेतली.

२२ फेब्रुवारी

इंजिन पूर्ण उघडलं. कवितेतला शेवटचा 'जा' सिलिंडर हेडवर आला! योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. सगळ्या पिशव्या दोरीवर टांगल्या आहेत. वाचत गेलं की अंगावर काटा येतो. तीन बोल्ट कवितेनंतर निघाले, त्यांच्यासाठी दोन ओळी स्वतः रचल्या. मूळ कवीला आवडल्या असत्या.

हेड लेथवाल्याकडे दिलं. तोही हसला. हल्ली हसण्याची साथ आहे.

४ मार्च, दुपार

हेड आलं. आरशासारखं घासून दिलंय. जोडणीला बसलो आणि एक किरकोळ गोष्ट लक्षात आली.

जोडणी उलटी असते. जे शेवटी निघालं ते आधी बसतं. म्हणजे कविता उलटी म्हणावी लागणार.

किरकोळच आहे. उद्या.

५ मार्च

उलटी म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करून, हव्या त्या शब्दापर्यंत जाऊन, एक शब्द मागे यावं लागतं. मोठ्याने म्हणतो. ऑडिटर कुंपणावरून विचारतो, भाऊसाहेब, बरं आहे ना?

दुसरी गोष्ट. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ध्रुवपद आहे: वाऱ्या, दार लावून जा. म्हणजे पाच पिशव्या 'वाऱ्या', पाच 'दार', पाच 'लावून', पाच 'जा'. यातलं कुठलं 'दार' कुठल्या कडव्याचं, हे लिहायला हवं होतं. यात कवीचा दोष आहे. एवढं ध्रुवपद घोळवायचं कारणच काय?

७ मार्च

तिसरं आणि चौथं कडवं यांत घोटाळा होतोय. वर्गमित्राला फोन केला. त्याने तिसरं म्हणून भलतंच काही म्हटलं, त्यात बैल होता. वाऱ्याच्या कवितेत बैल? मी म्हटलं, तुझी स्मरणशक्ती गेली. तो म्हणाला, तुझी कधी होती? फोन ठेवला. अठ्ठावन्न वर्षांची मैत्री, पण कवितेत तडजोड नाही.

मग धाकट्या बहिणीला लावला. तिने सगळी म्हटली, चालीवर, मध्ये रडलीही. पण तिची चारच कडवी. म्हणाली, दादा, पाचवं नव्हतंच. बायकांचं पाठांतर वरवरचं असतं.

९ मार्च

चौथीचं पुस्तक वरच्या मजल्यावरच्या पेटीत आहे. माझे हात ग्रीसने भरलेले. हिला म्हटलं, जरा आणतेस का. गेली. वीस मिनिटांनी पुस्तक घेऊन उतरताना खालच्या तिसऱ्या पायरीवरून पाय सुटला. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, गुडघा सुजलाय, जिना बंद. आता काठी घेऊन चालते. मोजे घालून जिना उतरू नये हे मी किती वेळा सांगितलंय.

चिरंजीव येऊन गेले. आईचा गुडघा शेकून दिला. जाताना कॅलेंडर बघून गेले.

१० मार्च

पुस्तक उघडलं. कडवी चार.

म्हणजे पाचवं माझं आहे. साठएक वर्षं मी कुणाच्या तरी कवितेला स्वतःचं कडवं जोडून म्हणतोय, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यांत सरस आहे.

तिसऱ्यात बैल आहे. वर्गमित्राला कळवण्याची गरज नाही.

११ मार्च

अडचण वाढली. पिशव्या माझ्या पाठानुसार लिहिल्या आहेत आणि पुस्तक वाचल्यापासून माझा पाठ आठवत नाही. छापील शब्द मध्ये येतात. म्हणायला गेलो की बैल येतो. पुस्तक वाचायलाच नको होतं. ते आणायला जिना चढायलाही नको होता, असं ही सोफ्यावरून म्हणाली. मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली.

१४ मार्च, सायंकाळ

जोडणी पूर्ण! कडव्यांवर विसंबलो नाही, कवितेच्या भावार्थावर विसंबलो. अकरा बोल्ट उरले. जुन्या काळी कारखानदार गरज नसताना बोल्ट घालत. वजन कमी झालं हे स्पोर्ट्स कारला चांगलंच. हेही अपग्रेड.

१६ मार्च

सेल्फ मारला. सुरू झाली! आठ सेकंद. मग खोकली, एक पांढरा लोट सोडला आणि काळं तेल गॅरेजच्या दारातून वाहत वाहत ऑडिटरच्या फाटकापर्यंत गेलं. ऑडिटर पांढरे बूट घालून उभा होता. तो बुटांकडे पाहून म्हणाला की वास येतो खरा. मी त्याला अनुल्लेखाने मारलं.

आठ सेकंद म्हणजे थोडी नाहीत.

१९ मार्च

चिरंजीवांचा फोन. गवंड्याला एक एप्रिलची वेळ दिली म्हणे. माणसाचा उतावीळपणा!

२० मार्च

मेकॅनिक आला. मी बोलावला नाही. हिने बोलावला. मी फक्त दार उघडलं.

दोरीवरच्या उरलेल्या पिशव्या त्याने पाहिल्या. 'दार', 'दार', 'लावून', आणि एकीवर मी नंतर खोडून लिहिलेला 'बैल'. मी जोडलेलं सगळं त्याने परत उघडलं, सगळ्या पिशव्या एका मोठ्या ट्रेमध्ये ओतल्या, चिठ्ठ्यांसकट! मी ओरडलो. तो म्हणाला, काका, बोल्टची लांबी बघायची, आटे बघायचे, डोक्यावरचा गंज बघायचा, कुठला कुठे होता ते कळतं. अर्ध्या तासात ट्रेमध्ये रांगा लावल्या. चिठ्ठ्या एकीकडे ढीग करून ठेवल्या, नीट, हेही सांगायला हवं.

ही त्याला चहा देऊन तिथेच स्टुलावर बसली. विचारत होती, हा कशाचा, तो कशाचा. तो काकू, काकू करत सांगत होता. मला एकोणीस वर्षांत तिने एक बोल्ट विचारला नाही.

२६ मार्च

तांबडी चालू झाली. आवाज एकसारखा, धूर नाही. मेकॅनिकचा हात चांगला आहे; पण पाया मी घातला होता, हे कुणी विसरू नये. तो म्हणाला, हे टायर, सीट, सायलेन्सर काढून जुनं बसवू का, तपासणीला सोपं जाईल. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तुझा प्रांत इंजिन.

विजय आता पाच दिवसांवर. हिला ठणकावून सांगितलं की गॅरेज तिचं, म्हणजे तांबडीचं. ही म्हणाली, बरं. काठी टेकत उठली आणि सोफ्यावर चादर घालायला लागली. दुपारचे चार वाजले होते. टीव्ही बंद होता.

ही नोंद का केली कळत नाही.

३१ मार्च

मेकॅनिकने गाडी नेली, मी शेजारी. तपासनीस म्हणजे माझ्या नातीच्या वयाची पोरगी, हातात पाटीएवढी स्क्रीन. इंजिन ऐकलं, धूर मोजला. म्हणाली, आजोबा, एवढ्या जुन्या गाडीचं इतकं सुंदर इंजिन बघितलं नाही मी. मी मान किंचित झुकवली.

मग: टायर मडगार्डबाहेर आलेले, नापास. स्प्रिंगांमुळे गाडी फार खाली, नापास. सायलेन्सरचा आवाज मर्यादेबाहेर, नापास. सीटला पट्टा अडकवायला जागा नाही, नापास. मेकॅनिकने लावलेलं सगळं पास. मी लावलेलं एकूणएक नापास.

मी तिला समजावलं की सौंदर्य मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ती म्हणाली, बरोबर आहे आजोबा, आता खाली उतरा. मला उतरता येईना. तिने आणि मेकॅनिकने मिळून काढलं.

घरी आलो तेव्हा चिरंजीव दारातच होते. मी स्वतःहून सांगितलं की मी पूर्ण विचारांती गाडी सोडतो आहे. घरात कुणाला पायऱ्यांचा त्रास असताना गॅरेज अडवून बसणं मला पटत नाही. चिरंजीव म्हणाले, हो बाबा. असं 'हो बाबा' मी आजवर ऐकलं नव्हतं.

१ एप्रिल

गवंडी सकाळी सहाला आला. सहाला उठलो.

९ मे, दुपार

खोली झाली. खिडकी पूर्वेला. तेलाचा डाग फरशीखाली गेला. हिने पलंगावर बसून पाय खाली सोडले, टेकले, परत सोडले. असं पाच-सहा वेळा. मग म्हणाली, छान आहे हो. मी वर झोपतो. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय अजून खाली बोलावलेलं नाही.

चारच्या सुमाराला बाहेर हॉर्न वाजला. मेकॅनिक. तांबडी आता त्याची. त्याने जुने टायर, जुन्या सीटा, जुना सायलेन्सर घातला, परवा तपासणी पास झाली. म्हणाला, काका, बसता का, एक चक्कर? मी म्हटलं, नको, ऊन आहे. आढ्यता नाही, ऊन खरंच होतं.

ही म्हणाली, मी बसते.

काठी माझ्या हातात दिली, सीटच्या कडेला टेकली, दोन्ही पाय उचलून आत घेतले. कुणाची मदत लागली नाही. सीट साधी आहे. गाडी वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज, मग तोही नाही. ऑडिटर येऊन शेजारी उभा राहिला. मला काठीचं काय करावं कळेना म्हणून टेकून उभा राहिलो.

अर्ध्या तासाने आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल, कानाला वारं लागलेलं. मी विचारलं, कशी वाटली?

म्हणाली, अहो, एकोणीस वर्षं आपल्याकडे होती ना, चालते हे मला माहीतच नव्हतं.