झिऱ्याची जागा

अप्पा, तुम्ही गेलात त्याला बरेच उन्हाळे झाले, आणि आज पहिल्यांदा मनात आलं की बरं झालं गेलात. वाईट वाटून घेऊ नका. आज आपल्या नदीत पंपानं पाणी सोडलं, आणि ते बघायला तुम्ही नव्हतात, एवढ्यासाठीच म्हणते.

तुम्हाला हे खरं वाटणार नाही, म्हणून नीट सांगते. मागच्या काही वर्षांत ठेकेदाराच्या जेसीबीनं आपली वाळू उचलून नेली. वाळू संपली तशी खालची खडी नेली, गोटे नेले, आणि आता पात्रात उरलाय तो उघडा खडक आणि खड्डे. मुरायला जागा नाही म्हटल्यावर पाणी कशात थांबणार? संक्रांतीला नदी कोरडी पडते आणि पाठोपाठ काठच्या विहिरी. लोकांनी अर्जावर अर्ज केले, तेव्हा वरून हुकूम आला की ज्यानं पाणी घालवलं त्यानं ते परत भरून द्यावं. मग या दीडशहाण्यानं काय केलं असेल? नदीपासून पन्नास पावलांवर बोअर मारली आणि तिचं पाणी पाइपानं नदीत सोडलं. म्हणजे नदीच्या पोटातलंच उपसायचं आणि तिलाच पाजायचं. वर हा मोठा फलक लावलाय, ‘नदी पुनर्भरण योजना’. त्यावर नदी निळीशार रंगवलीय. गावात सध्या तेवढीच एक नदी वाहते.

आज सकाळी तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पंप उजाडल्यापासून चालू होता, त्यामुळे एका खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. साहेबांनी पॅन्ट दुमडली, काठावर उभे राहिले आणि फोटोसाठी चेहरा गंभीर केला. तेवढ्यात खालच्या वाडीचा म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उतरला. मेंढरांना योजना बिजना काय कळणार, ती सरळ पाण्याला भिडली. ठेकेदार किंचाळला, “ए म्हाताऱ्या, मेंढरं काढ की! फोटो व्हायचेत अजून!” म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, “पिऊ द्या की मालक. न्हाई तर ऊनच पितंय. साहेब, तुम्ही दुपारी या, हे पाणी दिसायचं न्हाई तुम्हाला.” साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. दुपारी यायला त्यांना कुठं वेळ आहे, दुपारी जेवण असतं.

मी तिथंच उभी होते. हो, तुमची लेक आता पंचायतीची मेंबर आहे. पाणी पूर्ववत झालं असा कागद तयार आहे आणि त्यावर माझी सही हवी आहे. ती झाली की या जागेची फाईल बंद होणार आणि ठेकेदाराला वरच्या वळणाचा परवाना मिळणार. वरचं वळण म्हणजे नदीत वाळू उरलेली शेवटची जागा.

मला तुमचा झिरा आठवत होता. चैत्राचे दिवस आहेत, उजाडताच तुम्ही अनवाणी पात्रात उतरता, मी तुमच्या मागं. करंजाच्या झाडाखाली तुम्ही पायानं वाळू चाचपता आणि जिथं तळव्याला गार लागेल तिथं बसता. हातानं उकरता, कुदळीनं नाही. कोपरभर खोल गेलं की कडेनं पाणी झिरपायला लागतं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं. मग जे चढतं त्याची पहिली वाटी तुमच्या लिंगपूजेच्या तांब्यात, दुसरी जनावरांसाठी खाली केलेल्या खड्ड्यात, आणि मग बायकांच्या घागरी. कुणी घाईनं घागर बुडवायला गेलं की तुम्ही ओरडता, “वाटीनं भर गं. येतंय की ते. घाई कामून करायलीस?”

आणि तो दिवस. तुम्ही भालकीच्या बाजाराला गेला होता. तुम्ही आल्यावर शाबासकी द्याल म्हणून मी पहार घेतली आणि झिरा आणखी खोल केला. खालचा चिकणमातीचा थर फुटला, तुम्ही परत येईपर्यंत पाणी खाली निघून गेलं होतं. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. “वाळू ही नदीची घागर हाय,” म्हणालात, “आन तू तिचं बूड फोडलीस.” मी रडत घरातून कळशी आणली आणि झिऱ्यात ओतायला लागले. तुम्ही माझा हात धरलात. “पाणी ओतून झिरा होत न्हाई बाई. घागर नीट कर. पाणी आपलं आपण येतंय.” मग दुसरा अख्खा दिवस तुम्ही माती आणलीत, तुडवलीत, टोपल्यानं वाळू भरलीत. मी टोपली धरली. तो झिरा पुढच्या उन्हाळ्यालाच लागला, पण लागला. त्या वर्षी तुम्ही तुमची पितळी वाटी मला दिलीत, वाळूनं एका बाजूची कड झिजलेली. जिनं पहार आणली होती त्या मुलीला वाटी कामून दिलीत, हे मला अजून कळलेलं नाही.

नऊ-दहा वर्षांच्या पोरीला एका दिवसात जे समजलं ते या पदवीवाल्यांना समजत नाही. समजतं, पण वाळू परत भरायला खर्च येतो आणि पाणी ओतायला फोटो पुरतो. मी साहेबांना म्हणाले, “पाणी नको, वाळू परत भरा.” साहेब हसले. आम्हा बायकांच्या बोलण्यावर हसायची त्यांना सवय असावी. ठेकेदार मात्र हसला नाही. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “अक्का, जागा तर तुम्हीच दाखवलीत की. आता सही करायला कामून लाजायलात?”

त्यानं खोटं सांगितलं नाही, अप्पा. पहिल्यांदा तो आला तेव्हा शाळेच्या दोन खोल्यांसाठी वाळू पाहिजे म्हणाला होता. मी चपला काठावर काढल्या, तुमच्यासारखी पायानं वाळू चाचपत गेले आणि करंजाखाली थांबून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “इथं घ्या. इथं पुरुषभर वाळू हाय.” खोल्या झाल्या, चांगल्या झाल्या. पण टिप्पर थांबले नाहीत. करंजही मुळासकट गेला.

उद्या सभा आहे. मी सही करणार नाही, आणि तो काही बोलायच्या आत जागा मी दाखवली हे मीच सांगणार. लोक मला जे काय म्हणतील ते मी आज या पत्रात साहेबाला नि ठेकेदाराला म्हणून घेतलंच आहे. हे पत्र पाठवायचं कुठं? घडी करून तुमच्या वाटीत ठेवते. तिनं हल्ली मी पीठ मोजते.

एवढंच राहिलं. शाळेसाठी म्हणून मी जागा दाखवली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तो आला तेव्हा म्हणाला होता, “नदी अप्पांना ठाऊक होती, आता त्यांच्या लेकीलाच ठाऊक.” तेवढ्यावर मी चपला काढल्या.