कोहळ्याचा पहिला काप

पुसेगाव, चैत्र, १९४१

प्रिय दादा,

हे पत्र काही एका जागी बसून लिहीत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, चूल फुंकते, दारात जाऊन येते. सासूबाई म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असू दे.

दिवाळी आठवते तुला? आपल्यात बाईनं अख्खं कोहळं आधी चिरायचं नसतं, म्हणून वहिनीनं तुला हाक मारली. हिंगोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा तू, हातात सुरी आली तरी तुझा वर्ग सुरूच! 'डिसाइड' म्हणजे ठरवणं, आणि तो शब्द लॅटिनातल्या कापण्यावरून आलाय म्हणालास. ठरवायचं म्हणजे एक धरायचं, बाकीचं कापून अलग टाकायचं. मी किती हसले होते! म्हटलं, साहेबाला ठरवायलासुद्धा सुरी लागते व्हय?

आता हसू येत नाही रे. लेकरू न्हाई म्हणून तुझ्या दाजींनी संक्रांतीला दुसरी आणली. पोरगी वाईट नाही, रडत रडत भाकरी थापते बिचारी. पण मला हे धड ठेवत नाहीत, धड सोडत नाहीत. शेतात राबायला तेवढी मी हवी. पंचांपुढं नवऱ्यानं काडी मोडली की सुटका, पण माहेरचा माणूस बोलल्याशिवाय पंच बसत नव्हते. आणि तू काय लिहितोस? थांब, बघू. होळी झाली की बघू, पाडवा झाला की बघू. लोकांच्या पोरांना डिसाइड शिकवून राहिला, मग बहिणीच्या वेळीच काहून तुझी सुरी बोथट? राग आला ना? येऊ दे. मलाही येतो, आणि तुझी आठवणही तेवढीच येते.

आज सकाळी घरात पुरुष माणूस नव्हता, कोहळं तसंच पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, कुणी येईस्तोवर थांब. थांब ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विळी पुढ्यात ओढली आणि कोहळ्याचे सरळ दोन तुकडे केले. आभाळ काही कोसळलं नाही. सासूबाई तेवढ्या उंबऱ्यात बसून राहिल्या. मग तशीच उठले आणि पंचांच्या दारी जाऊन आले. माहेरच्या वतीनं मीच बोलते म्हटलं, तेव्हा शुक्रवारी बसतो म्हणाले. दाजींनी काडी मोडली तर ठीक, नाहीतर ती काडी मी मागून घेईन आणि माझ्या हातानं मोडीन. समजूत घालायला येणार असशील तर येऊ नको, दादा. यायचंच तर बैलगाडी घेऊन ये. पेटी मी बांधून ठेवली आहे.

तुझीच,
मनकर्णा