शोरूमने काढलेले बल्ब

नेरूळ, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७

गाडीच्या दोन बल्बांचे तीनशे ऐंशी रुपये, वर लावायची मजुरी साठ. तेही दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. बल्बात काय तूप भरून देतात का ते शोरूमवाले?

प्रिय विश्वजित,

डब्याच्या पिशवीत कागद बघून दचकू नको, घरात सगळे जिवंत आहेत. एका घरात राहून लिहावं लागतं, कारण मी बोलायला लागले की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच. पण ऑफिसातच वाच, उजेड आहे तोवर. शनिवारी ऑफिस सुटल्यावर तू गाडी घेऊन तेजश्रीला आणायला पुण्याला जाणार, परत येताना माझी नात शेजारी बसणार आणि मध्ये खंडाळ्याचा घाट, अंधारात. हे तू ठरवलंस तेव्हापासून मी दिवस मोजतेय.

परवा तुझ्याबरोबर वाशीच्या शोरूममध्ये आले ती हवा खायला नाही. शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घेते तसे काढलेले बल्ब मागून घेतले. तू लाजून गाडीमागे गेलास. टायवाला पोरगा म्हणाला, आजी, याचं काय करणार? म्हटलं, तुझ्या लग्नात लावीन. तिथून घरी आले आणि बल्ब पदरात बांधून स्टेशनजवळच्या रावसाहेब वायरमनकडे गेले. त्याने बॅटरीला जोडले तर दोन्ही असे पेटले की त्याने स्वतःच मान फिरवली. मावशी, अजून दोन वर्षं मरण नाही यांना, म्हणाला. शोरूमला चोर म्हणायला माझी जीभ तयारच होती. पण बिलावर त्यांनीच इंग्रजीत लिहिलंय, रावसाहेबाने वाचून दाखवलं: दिवे ठीक होते, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बदलले. चोर निघाले असते तर बरं झालं असतं रे.

त्याच संध्याकाळी तू गाडी सोसायटीच्या भिंतीपुढे लावलीस, नवे दिवे पेटवलेस आणि म्हणालास, बघ, अजून मंदच. भिंतीवर लिहिलंय, 'येथे गाड्या धुवू नयेत'. मोतीबिंदू काढलेली मी, एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. तू विचारलंस,

"कुठं लिहिलंय, आई?"

मी हसण्यावारी नेलं. अरुणाला सांगितलं तर म्हणते, त्यांना ऑफिसचं टेन्शन आहे. टेन्शनने कुणाची भिंत नाहीशी होत नाही. जिन्यातला बल्ब गेला की तू कठडा धरून, पायरी चाचपत चढतोस. दिवसा मात्र पेपरातलं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचतोस. हे मला नवं नाही, म्हणूनच भीती वाटते.

तुझ्या आबांचं असंच होतं. दिवेलागण झाली की ताटातली भाकरी चाचपून घ्यायचे. तू तेव्हा साताऱ्याला बोर्डिंगात होतास, तुला कुठून कळणार. मला एकदाच म्हणाले होते, "कुणाला बोलू नको, हमालांच्या टोळीतून काढतील." मी नाही बोलले. कांद्याचा बाजार तेव्हा मुंबईतच होता. पाठीवर गोणी घेऊन तिन्हीसांजेला ते गाळ्याच्या ओट्यावरून खाली गेले, ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, प्यायला होता. मी तेव्हाही गप्प बसले. आंधळ्याच्या पोराला मुलगी कोण देणार? दारुड्याच्या पोराला देतात. त्या माणसाने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता, विश्वजित. सत्तावीस वर्षं तू त्यांचं नाव निघालं की उठून जातोस, आणि ती उठायची वाट मी तुला करून दिली. हे सांगायला तोंड धजलं नाही म्हणून कागद घेतला. एकदा गप्प बसून नवरा गेला. आता पोरगा आणि नात गाडीत बसवून मी गप्प बसणार नाही.

तेजश्री बसने येईल, सकाळच्या. शनिवारी तू रजा टाक आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. मी बरोबर येणार, आबांचं काय होतं ते डॉक्टरला मीच सांगणार.

तुझीच आई,
वेणूबाई

अरुणाच्या तोंडून निरोप चालणार नाही. आज घरी आलास की उत्तर तूच द्यायचंस, माझ्यासमोर बसून, टीव्ही बंद करून.